मालकाच्या वहीत न मावणारी माणसं

कुडाळच्या बाजारात कुठल्याही हॉटेलवाल्याशी, गॅरेजवाल्याशी नाहीतर एमआयडीसीतल्या कारखानदाराशी बोलायला बसा. चहा यायच्या आधी तक्रार येते, ‘‘माणसां गावणत नाय.’’ गिऱ्हाईक आहे, माल आहे, बँक कर्ज द्यायला दारात उभी आहे, माणूस तेवढा नाही. तरणी पोरं गोव्यात जातात. तिथे औषधांच्या कंपन्या आहेत, हॉटेलं आहेत आणि जानेवारी 2023 पासून मोपाचा विमानतळही सुरू झाला आहे. तक्रार खोटी नाही. पण ती करणारे बहुतेक जण पुढच्या प्रश्नाला बगल देतात. जी माणसं मिळाली होती, ती का गेली?

या प्रश्नाभोवती व्यवस्थापनशास्त्रात हल्ली बरंच लिखाण झालं आहे. माणसांना आधी सांभाळा, धंदा आपोआप वाढेल, असा त्याचा सूर. त्यातला पुष्कळसा भाग नुसता गोडवा असतो. ‘आमची कंपनी म्हणजे एक कुटुंब’ हे वाक्य ऐकलं की मला तर धास्तीच वाटते, कारण कुटुंबात ओव्हरटाइम मागायची सोय नसते. तरीही त्या गोडव्याच्या तळाशी एक व्यवहार आहे, आणि तो समजून घ्यायला मोठ्या कंपन्यांच्या काचेच्या इमारतीत जायची गरज नाही. आमच्या वालावलच्या आसपासच तो रात्रभर जागून पाहता येतो.

वालावल, चेंदवण, नेरूर ही कर्ली नदीच्या बाजूची गावं. लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि त्याला लागून असलेला तलाव बघायला पर्यटक वालावलला येतात, फोटो काढतात आणि जातात. या पट्ट्याची दुसरी ओळख दशावतार या लोकनाट्याची. वालावलकर, चेंदवणकर, खानोलकर, आजगावकर, पार्सेकर, मोचेमाडकर, आरोलकर ही दशावतारी नाट्यमंडळांची नावं सिंधुदुर्गात पोरासोरांना पाठ असतात. नावात गाव असलं तरी मंडळात माणसं चहूकडची. मंडळ ही भक्तीची गोष्ट आहे तशीच ती धंद्याचीही आहे. तिला मालक असतो, हंगामापुरते बांधलेले नट असतात, वाजवणारे असतात, सामान वाहणारी गाडी असते आणि तारखांची वही असते. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पावसाळा तोंडावर येईपर्यंत ही माणसं जवळजवळ रोज नव्या गावात असतात. जुनी म्हण आहे, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. पूर्वी ती अक्षरशः खरी होती. रात्रभर इंद्र झालेला माणूस उजाडल्यावर पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची वाट धरायचा.

या धंद्याची खरी गंमत अशी, की त्यात संहिता नसते. देवळाच्या एखाद्या खोलीत नट रंगायला बसतात. प्रत्येकाचा आरसा वेगळा, रंग ज्याचा त्याने लावायचा. तेवढ्या वेळात मालक किंवा एखादा जाणता नट आजचं आख्यान सांगतो. तू राजा, तू राणी, हा राक्षस, नारद अमुक ठिकाणी येईल, युद्ध इथे, शेवट असा. बस्स. पुढे पाच-सहा तास जे बोललं जातं ते तिथल्या तिथे सुचलेलं असतं. समोर एक बाकडं, मागे एक पडदा, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. बाकडं कधी सिंहासन होतं तर कधी डोंगर. राजाने एखादं वाक्य भलतीकडे नेलं तर राणीने ते सावरून घ्यायचं आणि मृदंगवाल्याने दोघांच्या श्वासावर लक्ष ठेवायचं. मालकाला त्या क्षणी काहीही करता येत नाही. तो फार तर विंगेत उभा राहून पाहू शकतो.

आता धंद्याच्या नजरेने बघू. या मालकाचं भांडवल कुठे आहे? मुकुट, शालू, गाडी, लाइट यांची किंमत करता येते, ते पुन्हा विकतही घेता येतं. पण कुठल्या नटाला कुठल्या नटाची नस ठाऊक आहे, ही गोष्ट वहीत लिहिता येत नाही. चांगला स्त्रीपार्टी, म्हणजे बाईची भूमिका करणारा नट, हंगामाच्या शेवटी दुसऱ्या मंडळात गेला तर एक माणूस गेला असं होत नाही, त्याच्याभोवती जमलेली दहा वर्षांची समजूत जाते. पुढच्या वर्षी जत्रेची कमिटी तारीख देताना विचारते, ‘‘अमको हा मां?’’ उत्तर अडखळलं की तारीख दुसऱ्या मंडळाकडे. म्हणून ज्याला मंडळ टिकवायचं आहे तो मालक ठरलेल्या नाइटचे पैसे ठरल्या दिवशी देतो, घरी कोणी आजारी असलं तर उचल देतो आणि पावसाळ्यात नटाच्या घरची चूल कशी पेटते याची चौकशी ठेवतो. त्याने हे केवळ चांगुलपणाने केलं असेल असं मानायचं कारण नाही, हिशेबानेही केलं असेल. दोन्हींचा परिणाम एकच होतो.

अलीकडे ‘संयुक्त दशावतार’ नावाचा प्रकार जोरात आहे. वेगवेगळ्या मंडळांतले गाजलेले नट एका रात्रीसाठी एकत्र आणायचे, जोडीला ट्रिकसीन. गर्दी होते, पैसाही होतो. माझं मत विचाराल तर अशा प्रयोगात टाळ्या भरपूर आणि संवाद थोडे. प्रत्येक जण आपली तलवार परजून जातो. एकाच मंडळात बारा वर्षं एकत्र जेवलेले, भांडलेले नट जेव्हा एखादा फसलेला प्रवेश हसत हसत परत रुळावर आणतात, ते यात क्वचितच दिसतं.

दशावतारातली आणखी एक गोष्ट मला धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाची वाटते. आख्यान सुरू व्हायच्या आधी, आडदशावतार नावाच्या पूर्वरंगात, संकासुर येतो. काळा वेश, लोंबती लाल जीभ आणि तोंडात अस्सल मालवणी. वेद चोरणारा हा असुर, पण त्या अर्ध्या तासात त्याला कोणाचीही टर उडवायची मुभा असते. मानकरी असो, सरपंच असो, सरकार असो, सगळे हसतात. मोठ्यांपुढे लहानाने तोंड उघडायची ही एक ठरलेली जागा आहे. कामाच्या ठिकाणी अशी जागा असली तर काय होतं, याचा अभ्यास अमेरिकेत एमी एडमंडसन यांनी केला. 1990च्या दशकात त्या रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास करत होत्या. औषधं देताना होणाऱ्या चुका चांगल्या गटांमध्ये कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले. चांगल्या गटांत चुका जास्त दिसत होत्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला, की तिथल्या परिचारिका चुका लपवत नव्हत्या. वाईट गटांतही चुका होतच असणार, पण त्या वरिष्ठाच्या भीतीने कागदावर येत नव्हत्या. चूक कळलीच नाही तर ती दुरुस्त कोण करणार? 1999 साली एडमंडसन यांनी या विषयावर लिहिलेला लेख आज जगभरच्या व्यवस्थापन शाळांत शिकवला जातो.

एक मात्र मान्य करायला हवं. दशावतारी मंडळ माणसांवर उभं असलं तरी ते फार वाढत नाही. एका रात्री एकच प्रयोग होतो, नट दुप्पट वेगाने बोलू शकत नाही. माणसं सांभाळून धंदा मोठाही होतो का, हे पाहायचं तर घाट चढायला हवा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 1869चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण रंगांध असल्यामुळे रंग सोडून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. पुढे व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियनाला ती दिली गेली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगावात भावाच्या जोडीला सायकलींच्या धंद्यात उतरले. तिथून कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाचं विष जमिनीत उतरतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. त्यात बेळगावची कारखान्याची जागा नगरपालिकेच्या वाढीत गेली. तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळ आणि 10,000 रुपयांचं कर्ज देऊ केलं. 10 मार्च 1910 रोजी लक्ष्मणराव तिथे पोचले. माळावर निवडुंग आणि साप यांच्याशिवाय काही नव्हतं. आज सांगली जिल्ह्यातलं ते स्टेशन किर्लोस्करवाडी म्हणून ओळखलं जातं.

त्या माळावर इंजिनिअर यायला तयार नव्हते, आणि पगार द्यायला पैसेही नव्हते. मग लक्ष्मणरावांनी जी माणसं होती त्यांच्यातूनच इंजिनिअर घडवले. शाळा सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक यंत्रज्ञ झाले. शंभुराव जांभेकरांनी यंत्रशाळेची बाजू सांभाळली, मंगेशराव रेग्यांनी कचेरीची. थोरले भाऊ रामुअण्णांनी वसाहतीचं पाणी, रस्ते, धान्य यांचा कारभार घेतला. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा दंडक होता, आणि तो 1910च्या दशकातला, ही गोष्ट ध्यानात घ्या. रात्रीच्या राखणीला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग होते. दोघेही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले. ज्यांच्यापासून गाव दारं लावून घेतं त्यांच्या हातात कारखान्याच्या किल्ल्या देणं हे धाडस होतं, पण त्यामागे माणसाची पारखही होती.

याचा धंद्याशी संबंध काय? नांगर विकणारे पुष्कळ झाले असते. पण पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासं झालं तेव्हा आहे त्या सामानातून काय काढता येईल, हे यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला सुचावं लागतं. मालकाने सांगून ते सुचत नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा लोखंडासाठी दिल्या, त्या वितळवून नांगर झाले. 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचं पत्रक काढलं, ज्याचं पुढे मराठीतलं नावाजलेलं मासिक झालं. नांगरामागून चरक, पंप आले, 1941 साली हरिहरला यंत्रं बनवणारी कंपनी, 1946 साली पुण्यात ऑइल इंजिनं आणि बंगळूरमध्ये विजेच्या मोटारी. या विस्ताराला युद्धकाळाची मागणी आणि संस्थानिकांचा आश्रय यांचाही हातभार होता. सगळं श्रेय माणसं सांभाळण्याला द्यायचं कारण नाही. पण माळावरच्या त्या दहा वर्षांत तयार झालेली माणसं नसती तर पुढच्या कारखान्यांना हात कुठून मिळाले असते?

आणि म्हणून वाडी म्हणजे रामराज्य होतं असंही नव्हे. 1948 साली गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत कारखान्याची जाळपोळ झाली. कुंपणाच्या आत केलेली व्यवस्था कितीही चांगली असली, तरी बाहेरच्या समाजातले जुने ताण तिथे थांबत नाहीत.

मालकाने वसाहत बांधली म्हणजे माणसं आधी आली, असाही एक समज असतो. शिकागोजवळ जॉर्ज पुलमन याने 1880च्या सुमाराला रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कामगारांसाठी टुमदार गाव वसवलं. नळ, बाग, ग्रंथालय सगळं होतं. 1893 साली मंदी आली तेव्हा त्याने मजुरी कापली. घरभाडं मात्र होतं तेवढंच ठेवलं आणि ते पगारातून वळतं करून घेतलं. 1894च्या संपाने देशातली बरीचशी रेल्वे ठप्प झाली आणि तो मोडायला सरकारला सैन्य आणावं लागलं. हेन्री फोर्डचं उदाहरण याहून गुंतागुंतीचं आहे. 1913 साली त्याच्या कारखान्यात माणसं इतकी सोडून जायची, की सुमारे 14,000 जणांची हजेरी टिकवायला वर्षभरात 52,000हून अधिक माणसं भरावी लागली. जानेवारी 1914 मध्ये त्याने रोज 5 डॉलर जाहीर केले, आधीच्या दुपटीहून जास्त, आणि तासही नऊवरून आठ केले. गळती एकदम घटली, उत्पादन वाढलं. मात्र ते पैसे मिळावेत म्हणून कामगार दारू पितो का, घर नीट ठेवतो का हे बघायला कंपनीची माणसं घरी यायची. मजुरी वाढवणं आणि माणसाचा मान राखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्या कोकणाने याची तिसरी तऱ्हा मुंबईच्या गिरणगावात भोगली आहे. सकाळी गिरणीच्या गेटवर उभं राहायचं, कायमचा कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं, नाहीतर डबा घेऊन परत खोलीवर. या बदली कामगारांत वर्षानुवर्षं काढलेले चाकरमानी इथल्या वाडीवाडीत होते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात जवळपास अडीच लाख कामगार उतरले, आणि मागण्यांत बदलीवाल्यांचा प्रश्नही होता. गिरण्या बुडण्याची कारणं अनेक, जुनी यंत्रं आणि जमिनीचे भाव ही त्यातली मोठी. पण ज्या धंद्याने रोज सकाळी माणसाला ‘तू नाहीस तर दुसरा’ असं गेटवर ऐकवलं, त्याला अडचणीच्या दिवसांत माणसांनी सांभाळून घ्यावं ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

कोणी म्हणेल, हे सगळे किस्से झाले, पुरावा काय? एक बऱ्यापैकी पक्का पुरावा आहे. अर्थशास्त्रज्ञ अॅलेक्स एडमन्स यांनी अमेरिकेतल्या ‘काम करायला सर्वांत चांगल्या 100 कंपन्या’ या यादीतल्या कंपन्यांच्या शेअरची 1984 ते 2009 या काळातली कमाई तपासली आणि 2011 साली निष्कर्ष छापले. हे शेअर इतरांपेक्षा वर्षाला सरासरी दोन ते साडेतीन टक्के जास्त देत होते, तुलना कशाशी केली त्यावर आकडा थोडा हलतो. नफ्यातल्या कंपन्यांनाच नोकरांचे लाड परवडतात, हा नेहमीचा आक्षेप. पण तसं असतं तर तो नफा शेअरच्या भावात आधीच उतरला असता, पुढे आणखी कमाई झाली नसती. बाजाराला माणसांची किंमत उशिरा कळते, असा त्याचा अर्थ. एडमन्स यांनीच पुढे सहकाऱ्यांबरोबर इतर देश तपासले तेव्हा असंही दिसलं, की कामगाराला नोकरी बदलणं जिथे सोपं आहे तिथे हा फायदा स्पष्ट आहे, कायद्याने नोकऱ्या पक्क्या असलेल्या देशांत तो तितका दिसत नाही. आज सिंधुदुर्गातल्या मुलाला नोकरी बदलायला मोटरसायकलची टाकी भरली की पुरतं, त्यामुळे आपण कुठल्या गटात बसतो ते उघड आहे.

वेंगुर्ला, सावंतवाडी, कुडाळ, दोडामार्ग या भागातल्या काजू कारखान्यांत हा हिशेब डोळ्यांनी दिसतो. बी उन्हात वाळवायची, बॉयलरमध्ये वाफवायची, थंड करायची आणि मग कटिंग. हातापायाने चालणाऱ्या कटिंग मशीनवर बाई बसते. एका हाताने बी पात्यांत धरायची, दांडा दाबायचा, टरफल उघडलं की सळईने गर काढायचा. टरफलातलं तेल कातडी जाळतं. हातमोजे घातले तर बोटांना बी कळत नाही आणि वेग पडतो, म्हणून बायका हाताला राख नाहीतर तेल चोळतात. मजुरी किलोवर. गर अख्खा निघाला तर तो 180, 240, 320 अशा प्रतींत जातो. 320 म्हणजे एका पौंडात, साधारण 454 ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त तेवढे गर. पातं एक केस इकडेतिकडे झालं की पाकळी नाहीतर तुकडा, आणि भाव घसरला.

क्विंटलभर बीतून साधारण पंचवीस किलो गर निघतो. समजा कसलेली बाई गेली आणि नवख्या हाताखाली शंभरातले दहा गर जास्त फुटू लागले, आणि अख्ख्या व फुटक्यात किलोमागे दोनशे रुपयांचा फरक आहे. म्हणजे क्विंटलमागे अडीच किलो, पाचशे रुपये. दिवसाला दहा क्विंटल बी फोडणाऱ्या कारखान्यात हे रोजचे पाच हजार. जुन्या बाईला किलोमागे चार रुपये वाढवून द्यायला नकार देताना हा आकडा सहसा कोणी मांडत नाही, कारण वाढीव मजुरी वहीत दिसते आणि फुटलेला गर ‘यंदा मालच तसा आला’ या खात्यात जातो.

कधी माल खरंच तसा असतो, कधी वाफ कमी पडलेली असते. हे सगळ्यात आधी कटिंगवाल्या बाईच्या बोटांना कळतं, पहिल्या दहा-वीस बियांत. ती उठून बॉयलरवाल्याला सांगू शकते का? सांगायला गेली तर तिचा किलोवरचा वेळ बुडतो आणि वर ‘तू तुझां काम कर’ हे ऐकायला मिळतं. मग ती गप्प बसते आणि दिवसभर तुकडे पडतात. एडमंडसन यांना रुग्णालयात दिसलं ते हेच. याला उपाय खर्चिक नाहीत. वजनाचा काटा बाईला दिसेल असा ठेवणं, वाफेबद्दल बोलायला उठलेल्याचा वेळ मजुरीत धरणं, धड संडास, आणि बी कमी असते त्या महिन्यांत दुसरं काही काम नाहीतर उचल.

आता अनेक कारखान्यांत ऑटोमॅटिक कटिंगची यंत्रं येत आहेत. माणसं मिळत नाहीत त्यावर हा तोडगा. यंत्राला बी आकाराप्रमाणे चाळून द्यावी लागते आणि पात्यांमधलं अंतर जुळवावं लागतं. तरीही काही बिया न कापता तशाच पुढे जातात, काहींत गर टरफलाला चिकटून राहतो. ते वेगळं काढायला पट्ट्याशेजारी माणसं बसवावी लागतात, आणि ज्यांना हे भरभर जमतं त्या बहुधा कटिंगवरच्याच जुन्या बायका असतात. त्यांची मजुरी आता कटिंगच्या दराने धरायची की निवडण्याच्या, हे यंत्राची ऑर्डर देतानाच मालकाला ठरवावं लागतं. यंत्राच्या कोटेशनमध्ये त्यासाठी रकाना नसतो.